चावीचे काम शेवटी

शास्त्रपाठ : २ इतिहास, अध्याय २९ व ३०, योहान २१:१-१९



गोव्यातील डिचोली तालुक्यात ज्यांचे जाणेयेणे आहे त्यांनी रस्त्याच्या कडेला, काजूच्या बागेत किंवा घराच्या अंगणात वर्षानुवर्षे उभे राहिलेले टिपर ट्रक पाहिलेच असतील. एके काळी हेच ट्रक खाणीवरून लोहखनिज भरून मांडवीकाठच्या धक्क्यांपर्यंत दिवसभर फेऱ्या मारीत, आणि तेथून बार्जेस तो माल मुरगाव बंदराकडे नेत. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबविले व पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने मर्यादा घालून ती उठविली आणि २०१५ साली काम थोडेफार चालू झाले. परंतु फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले व त्या वर्षीच्या १६ मार्चपासून सर्व पुन्हा थंडावले. नव्या लिलावानंतर डिचोलीची खाण सुरू झाली ती २०२४ साली. कायद्याची आणि निसर्गाची पायमल्ली झाली म्हणून बंदी आली हे खरे, आणि कर्जाचे हप्ते थकून कित्येक घरांच्या चुली मंदावल्या हेही खरे. त्या वादात मी आज शिरत नाही. मला सांगायचे आहे ते एका ट्रकाविषयी आणि दोन भावांविषयी.

ट्रक माझ्या थोरल्या भावाचा. तो डिचोलीकडे राहतो, मी पेडण्यात. कर्ज काढताना त्याला जामीन हवा होता. मी सही केली. बंदी आली, ट्रक काजूच्या झाडाखाली उभा राहिला, हप्ते थकले, आणि एके दिवशी मागणीचे पत्र माझ्या दारी आले. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम मला भरावी लागली. त्यावरून शब्दाला शब्द लागला आणि आमचे बोलणे बंद झाले. मी मात्र दर रविवारी कोणत्या ना कोणत्या मंडळीत उभा राहून प्रीतीवर संदेश देत होतो. प्रभू मला क्षमा करो.

२०१५ साली दादा ट्रक सुरू करणार असे कळले. आनंदाचा दिवस आहे, आजच सर्व मिटवून टाकू, असे ठरवून मी पवित्र शास्त्र हाती घेऊन गेलो. अंगणात घाईच घाई होती. दुसऱ्या ट्रकाची बॅटरी आणून जोडली, जुन्याच टाकीत नवे डिझेल ओतले आणि स्टार्टर मारला. दोनतीनदा कण्हून इंजिन एकदम धडधडले. दादाने हर्षाने ॲक्सिलरेटर दाबला. काळ्या धुराचा लोट उठला, पोरांनी टाळ्या पिटल्या. पाच मिनिटे झाली नसतील तोच आतून खडखड आवाज येऊ लागला आणि इंजिन जाम झाले. पुढे उघडले तेव्हा क्रँकची बेअरिंगे खरवडून निघालेली आणि दोन पिस्टनांच्या रिंगा मोडलेल्या सापडल्या. तीन पावसाळ्यांनी जे नुकसान केले नव्हते, ते पाच मिनिटांच्या घाईने केले.

आणि मी? त्याच संध्याकाळी, इंजिन जाम झालेल्या माणसासमोर ओसरीवर बसून मी एका दमात क्षमा, पश्चात्ताप, वडिलांची शिकवण आणि माझे पैसे असे सर्व काही बोललो. वचने बरोबर होती. वेळ आणि रीत चुकली होती. दादा उठून आत गेला. त्यानंतर नऊ वर्षे आम्ही एकमेकांच्या घरची पायरी चढलो नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात वहिनींचा फोन आला. मधल्या काळात इंजिन दुरुस्त होऊन ट्रक २०१८ पर्यंत चालला होता, आणि मग सहा वर्षे पुन्हा उभा होता. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, शनिवारी मेस्त्री येणार आहेत. तुम्ही या. पण काही बोलायला नको, नुसते या.” मी कोलवाळचा पूल ओलांडून, म्हापसा आणि अस्नोडा करीत डिचोलीला गेलो. एक नव्हे, तीन शनिवार गेलो. त्या वृद्ध मेस्त्रींनी मला जे शिकविले ते ईश्वरविज्ञानाच्या पदविकेच्या वर्गातही मला इतके स्पष्ट उमगले नव्हते. म्हणून हिज्कीया राजाच्या कथेच्या प्रकाशात ते आपल्यापुढे ठेवतो.

१. आधी दारे उघडा

आहाज राजाने परमेश्वराच्या मंदिराची दारे बंद केली होती. दिवे विझले, धूप थांबला. त्याचा पुत्र हिज्कीया गादीवर आला आणि त्याने पहिल्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात काय केले? यज्ञ केला नाही, उत्सव भरविला नाही. त्याने दारे उघडली व त्यांची डागडुजी केली. मग याजकांना व लेव्यांना जमवून, आपल्या पूर्वजांनी पाठ फिरविली होती, हे सरळ कबूल केले.

मेस्त्री आले तेव्हा दादा चावी घेऊन उभा होता. मेस्त्री म्हणाले, “चावी खिशात ठेवा, बाब. चावीचे काम शेवटी.” त्यांनी चाकांपुढे-मागे ओंडके लावले, गिअर न्यूट्रल असल्याची खात्री केली, बॅटरीच्या तारा सोडविल्या आणि बॉनेट उघडून सावकाश पाहू लागले. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घरटे केले होते. वायरिंग दोन ठिकाणी कुरतडलेले. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेले. रबराचे पाइप वरून धड दिसत होते, पण बोटांनी दाबताच त्यांना चिरा पडल्या. टायर एकाच जागी दबून खालच्या बाजूने तडकले होते. आमच्या गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. सहा पावसाळ्यांची ओल लोखंडाला काय करते ते उघडल्याशिवाय कळत नाही.

प्रियजनहो, जेथे आपण पुष्कळ दिवस गेलो नाही तेथे सर्व काही आपण ठेवले तसेच असेल हा मोठा भ्रम आहे. बंद प्रार्थना, बंद पवित्र शास्त्र, बंद पडलेले नाते यांत काही ना काही शिरून राहतेच. आधी उघडून पाहावे. काय मोडले, काय कुरतडले, याची मनात नोंद करावी. त्या शनिवारी मी बॅटरी धरून उभा राहिलो, बोललो नाही. दादाचे केस पांढरे झालेले मी प्रथमच पाहिले.

२. जुने बाहेर काढा

मंदिराची दारे उघडल्यावर याजक आतल्या भागात शिरले. जी अशुद्धता सापडली ती त्यांनी अंगणात आणली, आणि लेव्यांनी ती उचलून किद्रोन ओहोळात नेऊन टाकली. महिन्याच्या पहिल्या दिवशी आरंभ केला, आठव्या दिवशी ते देवडीपर्यंत पोहोचले, आणखी आठ दिवस लागले, आणि सोळाव्या दिवशी काम संपले. शास्त्र हे दिवस मोजून सांगते ते उगीच नव्हे.

मेस्त्रींनी टाकीतले जुने डिझेल काढविले. डिझेल पाण्यापेक्षा हलके, म्हणून ओलीने टाकीत जमलेले पाणी तळाशी बसते. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून शेवाळासारखा बुळबुळीत गाळ होतो, आणि तो फिल्टर तुंबवितो. आमच्या टाकीतून तसाच काळा गाळ निघाला. पेट्रोलच्या गाडीची तऱ्हा वेगळी. उभ्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो व मागे चिकट पदार्थ राहतो, आणि हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला तर हवेतील ओल शोषून घेण्याची सवयच आहे. म्हणून जुन्यावर नवे ओतू नये. दादाने २०१५ साली तेच केले होते.

मग इंजिन ऑइल. पट्टी बाहेर काढली तर ऑइल पातळीला पुरेसे होते. दादा म्हणाला, “भरलेले तर आहे.” मेस्त्री म्हणाले, “भरलेले आहे, पण चांगले नाही.” वापरलेल्या ऑइलमध्ये जळणाचे आम्ल आणि ओल राहते, आणि उभ्या इंजिनात ते आतल्या धातूला खात बसते. ऑइल दुधासारखे पांढुरके दिसले तर त्यात पाणी शिरले असे समजावे. त्यांनी ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, रेडिएटरचे पाणी, सर्व बदलले.

भरलेले आहे, पण चांगले नाही! हे शब्द मला घरी येईपर्यंत टोचत राहिले. माझ्या मनात वचने भरलेली होती, पण त्यांत नऊ वर्षांचा हिशेबही मुरलेला होता. मी दादाला क्षमा केली असे म्हणत असे, आणि रक्कम पैशापर्यंत मला तोंडपाठ होती. त्या रात्री मी मागणीचे ते जुने पत्र कपाटातून काढून देवासमोर ठेवले व ते फाडून टाकले. हे फार मोठे काम केले असे नव्हे. किद्रोनाकडे नेण्याची ती पहिली टोपली होती.

३. आधी हाताने फिरवा

दुसऱ्या शनिवारी मेस्त्रींनी नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडेसे ऑइल सोडले व इतकेच म्हणाले, “आता पुढच्या शनिवारी.” दादा वैतागला. मेस्त्रींनी समजाविले ते असे : ओलीने सिलिंडरच्या भिंतीवर गंज चढतो आणि पिस्टनच्या रिंगा तेथेच धरून बसतात. स्टार्टरला जोर आहे, पण त्याला डोळे नाहीत. तो अडकलेली रिंग ओढून तोडील. ऑइलला मुरायला वेळ द्यावा, मग पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून हाताने फिरवावे. हाताला अडथळा कळतो. अडले की थांबता येते. ऑइलही बेताचेच सोडावे, कारण ते दाबले जात नाही. फार झाले तर तेच पिस्टनला अडवील आणि कनेक्टिंग रॉड वाकवील. पेट्रोलच्या गाडीत हेच काम प्लग काढून करतात.

तिसऱ्या शनिवारी पाना मेस्त्रींनी दादाच्या हाती दिला, आणि दुसरे टोक धरायला मला बोलाविले. इंजिन प्रथम हलेना. मग किंचित हलले, थांबले, उलट घेतले, पुन्हा पुढे घेतले. अशा रीतीने पूर्ण दोन फेरे झाले, कारण चार स्ट्रोकच्या इंजिनाचे एक चक्र दोन फेऱ्यांत पुरे होते. दादा घामाने भिजला होता. तो म्हणाला, “सोड आता. फिरले.” नऊ वर्षांत त्याने मला उद्देशून काढलेले हे पहिले शब्द.

थांबण्याविषयी हिज्कीयाच्या कथेत एक गोष्ट आहे, ती आपण सहसा वाचून पुढे जातो. वल्हांडण सण पहिल्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी पाळावयाचा असे, आणि मंदिर शुद्ध झाले सोळाव्या दिवशी. दोन दिवसांनी वेळ हुकली! याजकही पुरेसे शुद्ध झाले नव्हते, लोकही जमले नव्हते. राजाने घाईने उरकून घेतले नाही, आणि यंदा राहू द्या असेही म्हटले नाही. मोशेच्या नियमशास्त्रात, गणना ९ मध्ये, जो अशुद्ध असेल किंवा दूरच्या प्रवासात असेल त्याला दुसऱ्या महिन्यात सण पाळण्याची मोकळीक आहे. त्या दाराने राजा सर्व लोकांना आत घेऊन गेला. उशीर करणाऱ्यांसाठी देवाने दुसरा महिना ठेवला आहे. तो टाळाटाळ करण्यासाठी नाही, तयारी करण्यासाठी आहे.

४. तेल आधी, आग नंतर

आता फिल्टर आणि नळ्यांतली हवा हातपंपाने काढली. डिझेलच्या वाटेत हवा राहिली तर इंजिन धरत नाही. चार्ज केलेली बॅटरी, तिची टोके घासून पुसून, जोडली. दादाने अखेर चावी बाहेर काढली. तरीही मेस्त्री म्हणाले, “स्टॉपची दांडी ओढून धरा. आता नुसते फिरवायचे, पेटवायचे नाही.” स्टार्टर थोडा वेळ मारायचा, थांबायचे, पुन्हा मारायचा, असे करीत ऑइलच्या काट्याकडे पाहत राहिले. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये ऑइलचा पातळ पडदा असतो. त्यावरच सर्व फिरते. पुष्कळ दिवस उभ्या इंजिनात तो पडदा ओघळून गेलेला असतो. तेल पोहोचण्याआधी आग पेटली की धातूवर धातू घासतो. २०१५ साली खडखड वाजले ते हेच. काटा वर आला तेव्हाच त्यांनी दांडी सोडू दिली.

बंधुभगिनींनो, आता तिबिर्याच्या समुद्रकाठी चला. पेत्राने कोळशाच्या शेकोटीजवळ तीनदा प्रभूला नाकारले होते. पुनरुत्थित प्रभू त्याला पुन्हा कोळशाच्या विस्तवाजवळच भेटतो. त्याला पेत्राला विचारायचे आहेच, आणि तो तीनदा विचारणार आहे. पण त्याआधी काय करतो? भाकर आणि मासळी तयार ठेवतो, रात्रभर राबलेल्या शिष्यांना जेवू घालतो. योहान नमूद करतो की प्रश्न न्याहारीनंतर आले. आणि त्या प्रश्नांत, तू असे का केलेस, हा प्रश्न नव्हता. प्रीतीचा प्रश्न होता. सत्य टाळले नाही, पण आधी प्रीतीचे तेल प्रत्येक सांध्याला पोहोचू दिले. मी त्या ओसरीवर आग आधी लावली होती.

५. सुरू झाल्यावर घाई नको

इंजिन सुरू झाले. मेस्त्रींनी दादाचा पाय ॲक्सिलरेटरवर पडू दिला नाही. “काटा खाली आला तर लगेच बंद,” असे बजावून ते एका बाजूला कान लावून उभे राहिले. मंद गतीने इंजिन चालविले, बंद केले, ऑइल, डिझेल व पाणी कोठे गळते का ते पाहिले, पुन्हा चालविले. हवेच्या ब्रेकच्या टाकीतले साठलेले पाणी सोडले, दाब भरू दिला, धरून बसलेले ब्रेक मोकळे केले. टायर बदलल्याशिवाय, ब्रेकची परीक्षा, फिटनेस आणि विमा झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर न्यायची नाही असे बजावूनच ते गेले. इंजिन चालले म्हणजे गाडी चालण्यास योग्य झाली असे नव्हे. थांबता येणे हेही चालण्याइतकेच महत्त्वाचे.

येथे एक सूचना स्पष्ट देतो, कारण ती जीवावरची आहे. बंद शेडमध्ये किंवा दार लावलेल्या गॅरेजमध्ये कोणतेही इंजिन सुरू करू नये. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस कळण्याआधी शुद्ध हरपतो. गाडी ढकलून उघड्यावर आणावी, मगच चावी फिरवावी.

दृष्टांत येथवर नेता येतो. यापुढे तो थांबतो. इंजिन स्वतःचे बॉनेट उघडू शकत नाही, आणि आपणही स्वतःचे अंतःकरण स्वतःच्या बळाने दुरुस्त करीत नाही. हिज्कीयाच्या कथेच्या शेवटी शास्त्र म्हणते की लोक आनंदले, कारण सर्व एकाएकी घडून आले होते आणि देवानेच लोकांची तयारी केली होती. सोळा दिवस टोपल्या वाहिल्यानंतर एकाएकी! श्रम त्यांचे होते, तयारी देवाची होती.

त्या दुपारी वहिनींनी उकड्या तांदळाचा भात आणि माशांची कढी वाढली. दादाने प्रार्थना करण्यास सांगितले. मी चार वाक्यांत प्रार्थना संपविली. पैशाचा विषय निघाला तो पुढे दोन महिन्यांनी, आणि दादानेच काढला. तो विषय अजून पूर्ण मिटला आहे असे मी म्हणणार नाही. थोडे थोडे चालू आहे, आणि काट्याकडे आम्ही दोघेही लक्ष ठेवतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी दोन शब्द. हा धडा घेताना मुलांना २ इतिहास २९ मधील सोळा दिवस फळ्यावर मांडून दाखवा, आणि दोन दिवसांनी वल्हांडणाची वेळ हुकल्यावर राजाने काय करावे, असे त्यांनाच विचारा. उत्तर अध्याय ३० मधून काढू द्या. आणि पुष्कळ दिवस न आलेले एखादे मूल वर्गात परत आले तर, इतके दिवस कोठे होतास, असे सर्वांदेखत विचारू नका. त्याला आपल्याजवळ बसवा. तेल आधी.

आपल्या मंडळीतही पुष्कळ दिवस बंद असलेले कोणी असेल. आपल्याच घरात असेल. कदाचित हे वाचणारे आपणच असू. चावी खिशात राहू द्या. दार उघडून पाहण्यास मात्र आज आरंभ करा.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आमची घाई आणि आमचा आळस या दोहोंची आम्हांला क्षमा कर. जे आम्ही बंद करून ठेवले ते तुझ्या प्रकाशात उघडण्याचे धैर्य दे. जुना हिशेब बाहेर काढण्यास आमच्या हातांना बळ दे. तुझ्या पुत्राने काठावर शिष्यांना जेवू घातले, तसे दुखावलेल्यांना आधी जवळ घेण्यास आम्हांला शिकव. प्रभु येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.